गारा मुरायला हवा

परवा नातीचा पुण्याहून फोन आला. ती पॉलिमर शिकते. म्हणाली, "आजोबा, केळीचा धागा आमच्या विघटनशील प्लॅस्टिकला धरतच नाही. तुकडा मोडला की धागे स्वच्छ बाहेर येतात." मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर, मला यातलं काय कळणार? पण 'स्वच्छ' म्हणाली आणि मला जेऊरची आमची जुनी भिंत आठवली.

१९७५ साल. धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं आणि दादा, म्हणजे माझे वडील, परगावी गेलेले. पांढरी माती, गव्हाचा भुसा आणि शेण कालवून गारा आठ दिवस भिजत ठेवायचा, रोज तुडवायचा, मग गिलावा करायचा, ही त्यांची पद्धत. मी घाई केली. एका दिवसात गारा कालवून भिंत लिंपून काढली. लग्न थाटात झालं, पण पहिल्याच पावसात पोपडे सुटले. दादांनी ढेकळातली एक काडी उपसून माझ्या हातावर ठेवली. काडी कोरी करकरीत, मातीचा कणही चिकटलेला नाही. ते एक अक्षर बोलले नाहीत.

का चिकटली नाही, ते मला या वयात नातीनं सांगितलं. काडीवर मेणचट थर असतो. गारा मुरताना तो कुजून जातो, काडी मऊ आणि खरबरीत होते, मग माती तिला धरते. केळीच्या धाग्याचंही तसंच. धागा पाणी पितो, फुगतो, वाळला की आकसतो. प्लॅस्टिक पाण्याशी फटकून वागतं. दोघांत फट पडते.

त्यावर उपाय म्हणून धागा कॉस्टिक सोड्यात धुतात. मेण आणि बराचसा चिकटा निघून जातो. याचं मूळ जुनं आहे. इंग्लंडच्या जॉन मर्सरला १८४४ मध्ये दिसलं की सोड्याच्या पाण्यात सुती कापड आकसतं आणि रंग चांगला धरतं. १८५० मध्ये त्यानं पेटंट घेतलं. मर्सराइज्ड सूत ते हेच. मात्र सोडा जास्त झाला तर धागाच कमजोर होतो. दुसरा उपाय सिलेनचा. हे रसायन एका टोकानं धागा धरतं, दुसऱ्यानं प्लॅस्टिक. सोयरिकीतला मध्यस्थच म्हणा ना.

आपल्याकडे तर ही विद्या त्याहून पुरातन. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे राजदेव सिंह आणि म. म. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. हजार-बाराशे वर्षं तो गिलावा टिकला.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या पाण्यावर आमच्या करमाळा तालुक्यात केळी आली. घड उतरला की खोड बांधावर पडतं. त्यातला धागा कामी आला तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, म्हणून नातीचा प्रश्न मला आपला वाटतो.

तिला मी एवढंच म्हटलं, "बाळ, भिंत उभी असेतो काडी सुटता कामा नये, पण भिंत पडली की तीच पांढरी माती आम्ही शेतात टाकायचो. तुझ्या वस्तूलाही दोन्ही जमायला हवं. घाई करू नकोस."

दादांनी न बोलता सांगितलेलं मी पन्नास वर्षांनी बोलून सांगितलं. असो.