अपिलातला दाखला: सहा ओळींवर भाष्य

बीड, माजलगाव किंवा अंबाजोगाईच्या सत्र न्यायालयात खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, की अपील जातं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे. दोन न्यायमूर्ती ते ऐकतात. अपील करणारा माणूस तेव्हा बहुधा कारागृहात असतो आणि त्याच्या वतीनं कोर्टासमोर दोनच गोष्टी असतात: खालच्या कोर्टातल्या पुराव्याचं पेपर बुक आणि वकिलाचा युक्तिवाद. त्या युक्तिवादाच्या लेखी टिपणातल्या सहा ओळी इथे भाष्यासाठी घेतल्या आहेत. ओळी मी नमुना म्हणून रचल्या आहेत, त्यातले निकाल मात्र खरे आहेत. उच्च न्यायालयात टिपण इंग्रजीत द्यावं लागतं, म्हणून ओळी मराठीत उतरवल्या आहेत असं समजावं.

आधी मूळ द्यायचं, मग भाष्य करायचं, ही रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचला आणि जवळपास चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलं. भाष्यकार कितीही विस्तारानं बोलला तरी कोणत्या अध्यायातल्या कोणत्या श्लोकावर बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे. वकिलाच्या टिपणाला याहून वेगळा नियम नाही.

ओळ १. सरकार पक्षाचा संपूर्ण खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा आहे.

या ओळीत दाखला नाही, आणि तो नसणंच बरोबर आहे. ही खटल्याची वस्तुस्थिती आहे, कायद्याचं तत्त्व नाही. पुष्कळ ज्युनिअर वकील अशा साध्या विधानापुढेही चार सायटेशनं लावतात. खटला कशावर उभा आहे हे निकालांच्या पुस्तकावरून नव्हे, पेपर बुकावरून ठरतं.

ओळ २. अशा खटल्यातील पुराव्याची कसोटी शरद बिरधीचंद सारडा वि. महाराष्ट्र राज्य, (१९८४) ४ एससीसी ११६, परि. १५३ मध्ये दिली आहे.

परिस्थितीजन्य पुराव्याचा विषय निघाला की देशातल्या कुठल्याही फौजदारी कोर्टात हा निकाल निघतो. त्याचं बीडशी नातं आहे हे मात्र बीडच्या कोर्टात तो रोज सांगणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? जून १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा विषानं मृत्यू झाला. तिचं माहेर बीडचं. तिनं लिहिलेली पत्रं पुराव्यात आली. सत्र न्यायालयानं पतीला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं.

आता दाखल्याचे तुकडे पाहू. पक्षकारांची नावं रिपोर्टरात छापली आहेत तशीच लिहावीत. एससीसीत (सुप्रीम कोर्ट केसेस) ‘बिरधीचंद’ एक शब्द आहे, एआयआरमध्ये (ऑल इंडिया रिपोर्टर) तो ‘बिरधी चंद’ असा तोडलेला आहे. संगणकावर शोधताना एवढ्या फरकानंही निकाल हाती लागत नाही. नुसतं ‘सारडा केस’ म्हणणं बार रूममध्ये चालतं. टिपणात पहिल्यांदा पूर्ण नाव द्यावं, पुढे ‘सारडा’ पुरे.

कंसातलं वर्ष ही निकालाची तारीख नव्हे. तो त्या मालिकेचा पत्ता आहे. हाच निकाल एससीसीत १९८४ च्या चौथ्या खंडात पान ११६ वर आहे, नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये तो एआयआर १९८४ एससी १६२२ आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या अधिकृत मालिकेत १९८५ च्या पहिल्या एससीआरमध्ये पान ८८ वर आहे. म्हणजे एससीआरवरून दाखला देणाऱ्यानं ‘१९८५ सालचा निकाल’ असं लिहिलं, तर वर्ष चुकलं. निकालाचा काळ महत्त्वाचा असेल, तर तारीख वेगळी लिहावी.

कोर्ट कोणतं, हेही दाखल्यातून कळलं पाहिजे. एससीसीचं नावच सर्वोच्च न्यायालय सांगतं. एआयआरमध्ये मात्र वर्षानंतरचं अक्षर सोडलं तर काहीच कळत नाही. मराठवाड्यात ही गफलत जास्त महागात पडते, कारण इथे ‘एससी’ आणि ‘बॉम’ यांच्या जोडीला ‘हैद’ही भेटतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीड हैदराबाद राज्यात होतं. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा किंवा १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा यांवरच्या वादात हैदराबाद उच्च न्यायालयाचे निकाल अजून पुढे येतात. ते कोणत्या कोर्टाचे आहेत हे अक्षरानं दाखवलं नाही, तर वाचणारा त्यांना आपल्याच उच्च न्यायालयाचे समजेल.

शेवटचा तुकडा ‘परि. १५३’, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. जमिनीच्या दाव्यात आपण नुसतं गावाचं नाव सांगून थांबत नाही. गट नंबर देतो, क्षेत्र देतो, चतुःसीमा देतो. ‘जमीन मौजे अमुक येथे आहे’ एवढ्यावर कोणतंही कोर्ट ताबा देणार नाही. तरी तेच वकील निकालाचं पहिलं पान सांगून मोकळे होतात. सारडाचा निकाल एससीसीत पान ११६ वर सुरू होतो, पण कसोटीची पाच तत्त्वं येतात त्यानंतर कितीतरी पानांनी, परिच्छेद १५३ मध्ये. आणि त्यांना परिस्थितीजन्य पुराव्याचं ‘पंचशील’ म्हटलं आहे ते लगेच पुढच्या, १५४ व्या परिच्छेदात.

गट नंबरच्या बाबतीत अजून एक गोष्ट. आजचा गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर एक नसतो, तसंच इथेही आहे. त्या काळी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांना परिच्छेद क्रमांक नसत. ते रिपोर्टरच्या संपादकांनी घातले, म्हणून एका रिपोर्टरचा क्रमांक दुसऱ्यात जुळेलच असं नाही. दाखला एससीसीचा आणि क्रमांक एआयआरचा, असा घोळ झाला तर न्यायमूर्ती तो परिच्छेद उघडतील आणि तिथे दुसराच मजकूर निघेल. एससीआरमध्ये परिच्छेदाऐवजी पानाच्या कडेला छापलेली अक्षरं असतात, त्यांवरून जागा दाखवावी. शक्य असेल तेव्हा दोन रिपोर्टरांचे पत्ते द्यावेत. नंबर चुकला तरी चतुःसीमा जमीन सांभाळते, तसा दुसरा पत्ता पहिल्याला सांभाळून घेतो.

ओळ ३. त्यातील पहिले तत्त्व शिवाजी साहेबराव बोबडे वि. महाराष्ट्र राज्य, (१९७३) २ एससीसी ७९३, परि. १९ वर आधारलेले आहे.

आरोपी दोषी ‘असू शकेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांतलं अंतर कायद्यात फार मोठं आहे, हे न्या. कृष्ण अय्यर यांनी बोबडे निकालात सांगितलं. सारडा निकालानं ते तिथून घेतलं. म्हणून ओळीत ‘आधारलेले’ हा शब्द आहे. कोण कोणाच्या खांद्यावर उभं आहे हे सांगितलं की न्यायमूर्तींना दोन निकाल वेगवेगळे शोधावे लागत नाहीत. मागे जायचं तर आणखी मागे हनुमंत गोविंद नरगुंदकर वि. मध्य प्रदेश राज्य, एआयआर १९५२ एससी ३४३ आहे. सारडा निकाल त्याला या विषयाचा मूलभूत निकाल मानतो. तिन्ही नावं एका ओळीत कोंबण्याची गरज नाही. जो निकाल तत्त्व सांगतो तो आणि जिथून ते आलं तो, एवढे पुरेत.

इथेच थांबून एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. बोबडे निकाल आरोपीच्या बाजूनं वाचणाऱ्यानं तो सगळा वाचलेला असला पाहिजे. त्या खटल्यात आरोपींची शिक्षा कायम राहिली. संशयाचा फायदा देण्याच्या तत्त्वाचा अतिरेक करू नये, असा इशारा त्याच निकालाच्या सहाव्या परिच्छेदात आहे. सरकारी वकील उठून तो परिच्छेद वाचतील, आणि वाचणं त्यांचं कामच आहे. ज्यानं फक्त परिच्छेद १९ कुठूनतरी उतरवून आणला, तो तिथे निरुत्तर होतो. ज्यानं आधी वाचलं, तो स्वतःच म्हणतो, ‘परिच्छेद सहा मला ठाऊक आहे, आमच्या खटल्यातली शंका तशी का नाही ते सांगतो.’ कोर्टाचा विश्वास असाच कमावला जातो. हेडनोट ही संपादकाची टिपणी असते, न्यायालयाचं मत नव्हे. हेडनोटवरून सायटेशन देणाऱ्याला हा सहावा परिच्छेद कदाचित भेटणारच नाही.

ओळ ४. मृत व्यक्तीच्या पत्रांबाबत भारतीय पुरावा अधिनियम, १८७२, कलम ३२(१); पहा: सारडा, वरीलप्रमाणे (न्या. फजल अली).

कंसातलं नाव शोभेसाठी नाही. सारडा निकाल न्या. फजल अली, न्या. वरदराजन आणि न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्या पीठाचा आहे. आरोपी सुटावा यावर तिघांचं एकमत होतं, पण तिघांनी आपापलं स्वतंत्र मत लिहिलं. पत्रं आणि सांगोवांगीची बोलणी कलम ३२ खाली किती पुढे नेता येतील, यावर तिघं एका आवाजात बोलत नाहीत. अशा वेळी ‘सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे’ एवढंच लिहिणं म्हणजे एकाचं म्हणणं तिघांच्या तोंडी घालणं. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचा कायदा सगळ्या कोर्टांवर बंधनकारक आहे, म्हणूनच कोणतं वाक्य कोणाचं आणि निकालासाठी ते किती आवश्यक होतं हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

कायद्याचं नावही पूर्ण आणि वर्षासह. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्यात ही तरतूद कलम २६ च्या पहिल्या खंडात गेली आहे. त्याआधीपासून चालू असलेल्या खटल्यांना आणि अपिलांना नव्या अधिनियमाच्या कलम १७० नं जुनाच कायदा लावला आहे. त्यामुळे अशा खटल्याच्या टिपणात जुनं कलम लिहिणं योग्य, आणि त्याच्या शेजारी नवं कलम दिलं तर उत्तम. नुसतं ‘कलम ३२’ लिहिलं, तर दोन्ही कायदे समोर ठेवून वाचणाऱ्याला अंदाज करावा लागेल.

ओळ ५. याच खंडपीठाचा निकाल: फौजदारी अपील क्र. …/…, दि. …, …:बीएचसी-एयूजी:…-डीबी.

रिकाम्या जागा मी मुद्दाम सोडल्या आहेत. नमुन्यासाठी एखादा आकडा रचून टाकला असता, तर उद्या तो कोणाच्या तरी टिपणात खरा म्हणून उतरला असता.

२०२३ पासून सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक निकालाला स्वतःचा न्यूट्रल सायटेशन क्रमांक द्यायला सुरुवात केली, आणि उच्च न्यायालयांतही ही पद्धत आली. आधी वर्ष, मग ‘बीएचसी’ म्हणजे मुंबई उच्च न्यायालय, ‘एयूजी’ म्हणजे आपलं खंडपीठ, त्यानंतर अनुक्रमांक. शेवटचं ‘डीबी’ दोन न्यायमूर्तींचा निकाल असल्याचं सांगतं. ते गाळू नये, कारण एकल न्यायमूर्तींच्या निकालाचं वजन वेगळं आणि दोन न्यायमूर्तींच्या निकालाचं वेगळं. कुठल्याही रिपोर्टरात न छापलेल्या निकालाला पूर्वी पत्ता नसायचा, आता तो मिळाला. गेवराई-आष्टीच्या लहान ऑफिसात महागडी पुस्तकं घेणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

क्रमांक आहे म्हणून निकाल आहे, असं मात्र धरून चालू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. आकारणी अधिकाऱ्यानं आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. संगणकानं पुरवलेली नावं पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असं तेव्हा न्यायालयानं बजावलं. मी ज्युनिअरना एकच सवय लावायला सांगतो: निकाल उघडल्याशिवाय, आणि सांगितलेला परिच्छेद स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय, सायटेशन टाईप करायचं नाही. तो निकाल पुढे मोठ्या पीठानं फिरवला आहे का, हेही त्याच बैठकीत पाहायचं.

ओळ ६. ही साखळी पंच साक्षीदार क्र. ४ (पेपर बुक पृ. …) व निशाणी … यांच्यात तुटते.

सगळे दाखले या ओळीसाठी होते. पाचव्या तत्त्वाप्रमाणे पुराव्याची साखळी अखंड हवी. ती कुठे तुटली हे कोणताही रिपोर्टर सांगत नाही, ते पेपर बुकच सांगतं. म्हणून निकालाला जसा परिच्छेद, तसा पुराव्याला निशाणी क्रमांक, पान आणि ओळ. पंचानं उलटतपासणीत ‘सही पोलीस ठाण्यात केली’ असं म्हटलं असेल, तर ते वाक्य आणि त्याचं पान द्यावं. ‘पंच फितूर झाला’ असा सारांश देऊन भागत नाही. सत्र न्यायालयातली साक्ष मराठीत नोंदलेली असते आणि पेपर बुकात तिचं भाषांतर येतं. दोन्ही ताडून पाहावीत. भाषांतरात ‘कदाचित’ हा एक शब्द गळून गेला, तर ‘असू शकेल’चं ‘असलंच’ होतं आणि बोबडे निकालाचा मुद्दाच हातातून निसटतो.

सारडा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या डिजिटल एससीआरवर कोणालाही पैसे न देता वाचता येतो. पुढच्या टिपणात ‘परि. १५३’ लिहिण्याआधी तो एकदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा.