मालेच्या नळाला पाणी नाही

५ डिसेंबर २०१४, शुक्रवार. तुम्ही मालदीवच्या राजधानीत, मालेमधल्या मजीधी मगू या मोठ्या रस्त्यावर उभे आहात आणि तुम्हाला तहान लागली आहे. दुकानात शिरता, तर पाण्याच्या बाटल्यांचा कप्पा रिकामा. काल समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या केंद्रात आग लागली, यंत्रं बंद पडली आणि लाखाहून अधिक माणसांचे नळ कोरडे पडले.

विहीर असेल की कुठेतरी, असं तुमच्या मनात येतं. विहिरी होत्या. पण जेमतेम दोन किलोमीटर लांबीच्या या बेटाखालचा गोड्या पाण्याचा पातळ थर उपशाने आणि सांडपाण्याने कधीच बिघडला. नदी नाही, तलाव नाही. चहूकडे पाणी आणि घोटभर पिता येत नाही, म्हणजे काय ते इथे घशाला कळतं.

होडीने पलीकडच्या हुलुले बेटावर चला. विमानतळ तिथे आहे. चीनच्या मदतीने बांधलेला पूल २०१८ मध्ये होईल, आज सगळी ये-जा होडीनेच. मालदीवच्या परराष्ट्रमंत्री दुन्या मौमून यांनी भारताच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराजांना फोन केला आणि आज भारतीय हवाई दलाची विमानं पाणी घेऊन उतरत आहेत. विमानातून धक्क्यावर, धक्क्यावरून होडीत, होडीतून मालेत. एकेका खोक्याला इतके हात लागतात.

गस्तीवरून वळवलेली आयएनएस सुकन्याही येऊन पोहोचते. तिच्यावर ३५ टन पाणी आहे, आणि दिवसाला २० टन पाणी गोडं करणारी यंत्रं. आकडा भरघोस वाटतो ना? हिशेब करा. २० टन म्हणजे २० हजार लिटर. लाख माणसांत वाटले तर माणशी एक पेलाभर. म्हणून तर मुंबईहून आयएनएस दीपक हे टँकर जहाज निघालं आहे, सुमारे हजार टन पाणी घेऊन. माणशी दहा लिटर. कुठे एका घराचा स्वयंपाक होईल, कुठे तान्ह्या बाळाचं दूध.

श्रीलंका, चीन, बांगलादेश यांचंही पाणी येतं आहे. त्यात चढाओढ आहे, हे मी नाकारत नाही. तीनच महिन्यांपूर्वी चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग इथे येऊन गेले. त्याआधी, २०१२ मध्ये, याच विमानतळाचं भारतीय कंपनीला दिलेलं कंत्राट मालदीवने रद्द केलं होतं आणि दिल्ली दुखावली होती. तरीही फोन आल्यावर दिल्लीने जुनं उणंदुणं काढलं नाही. विमानं त्याच धावपट्टीवर उतरली, पाणी घेऊन. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. १९८८ मध्ये बंडाच्या वेळी आपले सैनिक इथे आले, २००४ च्या त्सुनामीत जहाजं आली, शहरात इंदिरा गांधींच्या नावाचं रुग्णालय उभं आहे. त्या फोनमागे एवढी वर्षं होती.

तुम्ही परत आपल्या काळात याल. २०२४ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर मालदीववर बहिष्काराची हाक उठलेली तुम्हाला आठवेल; कदाचित तुम्हीही ती पुढे पाठवली असेल. सरकारांची भांडणं होतील आणि मिटतील. पण पुन्हा अशी हाक आली, तर ती पुढे पाठवण्याआधी मुंबईहून गेलेल्या त्या हजार टन पाण्याचा विचार जरूर करा.