सोन्याचा वर्ख आणि संगणकाचे फासे

न्यूझीलंडच्या शंभर डॉलरच्या नोटेवर अर्नेस्ट रदरफोर्ड यांचा चेहरा आहे. नेल्सनजवळच्या ब्राइटवॉटर या खेड्यात १८७१ साली जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने अणूच्या पोटात केंद्रक आहे हे जगाला दाखवून दिले, एवढे आपल्या मुलांनाही शाळेत शिकवले जाते. परंतु त्यांच्या कामाचा एक धागा पुढे संगणकाच्या आज्ञावलींपर्यंत गेला आणि त्याला वाटेत मुंबईचाही एक पीळ पडला, ही हकीकत फारशी कुणी सांगत नाही. एखादा सूक्ष्म कण पाण्यातून, हाडातून, शिशातून जाताना त्याचे काय होते, याची लुटुपुटीची पण काटेकोर तालीम या आज्ञावली संगणकावर करतात. इंग्रजीत तिला सिम्युलेशन म्हणतात. कर्करोगाच्या रुग्णाला किरणांची मात्रा किती द्यायची, हा प्रश्नही या तालमीपर्यंत येऊन पोचतो. तेव्हा तिच्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कथेची सुरुवात होते १९०९ साली, मँचेस्टरमध्ये. रदरफोर्ड तेथे प्राध्यापक होते. त्यांचे सहकारी हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन हे अल्फा कणांचा मारा धातूच्या पातळ पत्र्यांवर करीत होते. कण पडद्यावर आपटला की बारीकशी ठिणगी चमके. काळोख्या खोलीत डोळे सरावेपर्यंत बसून राहायचे आणि मग सूक्ष्मदर्शकातून त्या ठिणग्या एकेक करून मोजायच्या, असे ते काम होते. सोन्याच्या वर्खातून बहुतेक कण सरळ आरपार जात, थोडे मात्र चक्क मागे फिरत. प्लॅटिनमच्या पत्र्यावरून साधारण ८००० कणांमागे एक परत येतो, असे त्यांना आढळले. रदरफोर्डनी १९११ मध्ये त्याचा उलगडा केला आणि कोणत्या कोनात किती कण वळतील याचे सूत्र मांडले. त्याची पारख करण्यासाठी गायगर आणि मार्सडेन यांनी पुन्हा लाखावर ठिणग्या मोजल्या. तो निबंध १९१३ साली प्रसिद्ध झाला.

या सूत्राचा स्वभाव लक्षात घ्यावा. अमुक एक कण कुठे जाईल हे ते सांगत नाही; इतक्यांपैकी इतके कुठे जातील, एवढेच सांगते. फाशांचे पुढचे दान कोणते पडेल हे कुणालाच ठाऊक नसते, पण हजार वेळा फासे टाकले तर सहाचे दान किती वेळा पडेल याचा अंदाज बांधता येतो. तसाच हा प्रकार.

मार्सडेन १९१५ साली वेलिंग्टनला प्राध्यापक म्हणून आले आणि इथलेच झाले. १९२६ मध्ये सरकारचे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन खाते निघाले, त्याचे ते पहिले सचिव. १९७० साली वेलिंग्टनमध्येच त्यांचे निधन झाले. १९९४ साली स्थापन झालेला या देशाचा मार्सडेन संशोधन निधी त्यांच्याच नावाचा आहे.

आता मुंबईचा पीळ. वर्खाचे प्रयोग चालू होते त्याच १९०९ सालच्या ऑक्टोबरात मुंबईत होमी भाभांचा जन्म झाला. पुढे ते केंब्रिजला शिकायला गेले, तेव्हा तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख होते रदरफोर्ड. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर कसे विखुरतील याचे गणित भाभांनी मांडले. १९३६ साली प्रसिद्ध झालेले ते सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती दिली. एका कणापासून दोन, दोनांपासून चार, अशी पदार्थात शिरलेल्या ऊर्जेची संतती कशी वाढत जाते, हे त्यात दाखवले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रदरफोर्ड वारले. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्याला भरणाऱ्या भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद ते भूषवणार होते. तो योग हुकला.

भाभा आणि हाइटलर यांचे गणित सरासरी सांगत होते. पण गावचे सरासरी पर्जन्यमान कळले म्हणून यंदा पाऊस किती पडेल ते कळत नाही. प्रत्येक वर्षाव वेगळा. मग एकेका वर्षावाची गोष्ट मांडायची कशी?

वाट सापडली ती पत्त्यांच्या डावातून. १९४६ साली आजारातून उठत असलेले गणिती स्टॅनिस्लाव उलाम एकट्याने पत्ते लावीत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून किती सुटले ते मोजणे सोपे, असे त्यांच्या मनात आले. हीच युक्ती जॉन फॉन नॉयमन यांनी न्यूट्रॉनांना लावण्याची योजना १९४७ मध्ये आखली, आणि १९४८ साली एनिअॅक या संगणकावर ती चालवून पाहिली गेली. उलाम यांचे एक काका जुगारासाठी पैसे उसने घेत, त्यावरून निकोलस मेट्रोपोलिस यांनी तिला माँटे कार्लो हे नाव सुचवले. अण्वस्त्रांच्या कामासाठी जन्मलेली ही युक्ती पुढे रोग्यांच्या कामी आली, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्यायच म्हणायचा. भाभांचा प्रश्न मात्र रॉबर्ट विल्सन यांनी संगणकावाचूनच हाती घेतला. आलेख गुंडाळलेला एक दंडगोल हाताने फिरवायचा, तो थांबेल तेथे कणाचे नशीब वाचायचे, अशा रीतीने त्यांनी वर्षावांमागून वर्षाव मांडले आणि १९५२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आजच्या आज्ञावली हेच करतात, फक्त विलक्षण वेगाने. उदाहरणार्थ, कोबाल्ट-६० चा गॅमा किरण पाण्यात टक्कर होईपर्यंत सरासरी सुमारे १६ सेंटिमीटर जातो, शिशात जेमतेम दीड. संगणक एक यादृच्छिक आकडा काढतो आणि त्यावरून या विशिष्ट किरणाने किती मजल मारली ते ठरवतो. दुसऱ्या आकड्याने टक्कर कोणत्या प्रकारची ते ठरते, तिसऱ्याने किरण कुठे वळला ते. ऊर्जा संपेपर्यंत हा खेळ चालतो, आणि मग पुढचा किरण. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत वाढलेली ईजीएस ही आज्ञावली १९८५ च्या चौथ्या आवृत्तीनंतर वैद्यकीय भौतिकीत सर्वत्र पोचली. युरोपातील सर्न आणि जपानची केईके या संस्थांतील विचारांतून १९९४ मध्ये जीअँट-४ चा प्रकल्प सुरू झाला, आणि १९९८ च्या अखेरीस ती आज्ञावली सर्वांना मोफत खुली झाली. तिच्या एका भागाच्या नावात मोलर यांच्या जोडीला चक्क भाभा हे नाव आहे.

पण फासेच खोटे निघाले तर? शकुनीच्या फाशांची गोष्ट आपल्याला नवी नाही. १९६० च्या दशकात रँडू नावाची आकडे काढण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात होती. तिचे लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन अवकाशात बिंदू मांडले तर ते सगळे अवघ्या पंधरा पातळ्यांवर येऊन बसतात, असे पुढे उघड झाले. दिसायला सैरभैर, प्रत्यक्षात कवायत! फासे चोख असले तरी घाई चालत नाही. अचूकता दहापट हवी तर कण शंभरपट सोडावे लागतात.

याहून मोठी गोष्ट म्हणजे संगणकाला निसर्ग ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असतात ती आपण दिलेली सूत्रे आणि कोष्टके, आणि ती कुणीतरी कधीतरी मोजलेली असतात. फुप्फुसात हवा फार, त्यामुळे तेथे मात्रा काढण्याच्या जुन्या झटपट पद्धती फसतात. कणाकणाचा माग काढणारी माँटे कार्लो पद्धत तेथे अधिक भरवशाची ठरते. तरीसुद्धा जबाबदार भौतिकतज्ज्ञ आधी पाण्याच्या टाकीत मापक सोडून किरण प्रत्यक्ष मोजतात, आकडे जुळले तरच पुढे जातात.

हाच मोजण्याचा वारसा क्राइस्टचर्चमध्येही दिसतो. रदरफोर्ड ज्या कँटरबरी कॉलेजात शिकले, त्याचेच पुढे कँटरबरी विद्यापीठ झाले. तेथील फिल आणि अँथनी बटलर या पितापुत्रांनी सर्नमध्ये विकसित झालेली मेडिपिक्स चिप वापरून मार्स हा स्कॅनर घडवला. क्ष-किरणाचा प्रत्येक फोटॉन वेगळा मोजून त्याची ऊर्जाही तो पाहतो. माणसाच्या शरीराची पहिली रंगीत त्रिमित क्ष-किरण चित्रे त्याने काढल्याचे जुलै २०१८ मध्ये जाहीर झाले. काळोखात बसून मार्सडेन ठिणग्या मोजत, तेच काम येथे चिप करते.

संगणकाने आपले हिशेबाचे कष्ट वाचवले, मोजण्याचे नाहीत. फासे कितीही वेगाने पडोत, कोणते दान किती वेळा पडावे हे निसर्गालाच विचारावे लागते, आणि त्यासाठी आजही कुणीतरी धीराने मोजत बसावे लागते.