साक्षी शंभर, खुनी बेपत्ता

25 जुलै 1946. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अपालाची नदीवर, मूर्स फोर्डच्या पुलापाशी, भरदिवसा जमावाने चार कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. रॉजर आणि डोरोथी माल्कम, जॉर्ज आणि मे मरे डॉर्सी अशी दोन जोडपी. तोंडं झाकायची गरजही मारेकऱ्यांना वाटली नव्हती.

अकरा दिवसांपूर्वी भांडणात रॉजरने एका गोऱ्या शेतकऱ्याला भोसकलं होतं. जमीनदार लॉय हॅरिसनने 600 डॉलर भरून त्याला जामिनावर सोडवलं आणि चौघांना मोटारीत घालून तो निघाला. पुलावर गाडी अडवली गेली. पुढचं हॅरिसननेच सांगितलं: आधी दोघा पुरुषांनाच बाहेर ओढलं, पण बायकांपैकी एकीने जमावातल्या एकाला ओळखलं, म्हणून त्या दोघींनाही उतरवलं. गाडीतल्या बाईला जो चेहरा ओळखू आला, तो त्याच मुलखात जमीनजुमला असलेल्या हॅरिसनला मात्र आला नाही. एकही नाही!

दिवसही तापलेले होते. आठवडाभरापूर्वीच डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांनी पहिल्यांदाच मोठ्या संख्येने मत दिलं होतं, आणि जिंकला होता गोऱ्यांच्या वर्चस्वाचा उघड पुरस्कर्ता यूजीन टॅलमेज. जॉर्ज डॉर्सी तर दुसऱ्या महायुद्धात लढून परतलेला सैनिक. देशासाठी लढलेल्याला घराजवळच मारलं, म्हणून देशभर संताप उसळला.

राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी एफबीआयला कामाला लावलं. जवळजवळ 2,800 लोकांची चौकशी झाली. डिसेंबरात जॉर्जियातल्याच अथेन्स शहरात ग्रँड ज्यूरीसमोर, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, शंभरावर साक्षी झाल्या. खुनाचा आरोप कोणावरही ठेवला गेला नाही. याला पुराव्याचा तुटवडा म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. गोरे एकमेकांना सांभाळून घेत होते आणि कृष्णवर्णीयांना त्यांच्याच शेजारात दिवस काढायचे होते. लहानपणी झुडपातून सगळं पाहिल्याचं सांगणारा एक गोरा माणूस पुढे आला, तोही तब्बल 45 वर्षांनी.

2000 साली राज्याने तपास पुन्हा उघडला, 2018 मध्ये बंद केला. दरम्यान, हरवल्याचं समजलं जाणारं ग्रँड ज्यूरीपुढच्या साक्षींचं टिपण राष्ट्रीय अभिलेखागारात सापडलं. ते खुलं व्हावं म्हणून इतिहासलेखक अँथनी पिच कोर्टात गेले आणि खालच्या कोर्टात जिंकलेही. पण अंतिम निकालाआधीच, 2019 मध्ये, ते वारले. मार्च 2020 मध्ये अपील न्यायालयाने 8 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं: ग्रँड ज्यूरीच्या गुप्ततेला इतिहासासाठी अपवाद करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घालायला नकार दिला.