सारी पात्रे स्त्रियांचीच

मराठी घरात नाटकाचा विषय निघाला आणि बालगंधर्वांचे नाव आले नाही असे क्वचितच घडते. १९११ साली 'मानापमाना'तील भामिनी आणि १९१९ साली 'एकच प्याला'तील सिंधू या भूमिका त्यांनी केल्या, आणि त्यांच्यासारखे लुगडे नेसण्याची हौस भल्या घरच्या बायकांना लागली. पुरुषाने स्त्री व्हावे याचे कोणालाच नवल वाटत नसे. मग नाटकातील सारी पात्रे स्त्रियांनीच उभी केली तर नवल का वाटावे? याचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हास वाटले.

शेक्सपीअरच्या इंग्लंडातही रीत हीच होती. जूलिएट काय, डेस्डिमोना काय, कोवळ्या आवाजाची मुले ही कामे करीत. १६४२ साली पार्लमेंटने नाटकगृहे बंद केली. १६६० साली राजा परतला, नाटके पुन्हा सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात लंडनला डेस्डिमोनेचे काम एका स्त्रीने केले. पुढे चारच वर्षांनी किलिग्रूचे 'द पार्सन्स वेडिंग' केवळ स्त्रियांनी केल्याची नोंद सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत सापडते. मात्र त्या काळी पुरुषी पोशाखातील नटी पाहण्याचे कुतूहलच मोठे होते. अभिनयाची कदर त्यामानाने थोडी.

त्यानंतर एकेकट्या नट्यांनी धाडस केले. १८४५ साली लंडनमध्ये शार्लट कुशमन रोमिओ झाली आणि तिची सख्खी बहीण सुझन जूलिएट. १८९९ साली पॅरिसात सारा बर्नहार्टने हॅम्लेट केला. साराची आई यहुदी होती हे पुष्कळांना ठाऊक असेलच. पण एका नटीने नायक होणे निराळे, आणि सगळी मंडळीच स्त्रियांची असणे निराळे.

अलीकडच्या काळात हे काम मोठ्या प्रमाणावर केले ते दिग्दर्शिका फिलिडा लॉइड यांनी. लंडनच्या डॉनमार वेअरहाऊस या संस्थेसाठी त्यांनी २०१२ साली 'ज्युलियस सीझर', २०१४ साली 'हेन्री चौथा' आणि २०१६ साली 'टेम्पेस्ट' केवळ स्त्रियांना घेऊन बसविले. हॅरिएट वॉल्टर ही नटी अनुक्रमे ब्रूटस, राजा हेन्री आणि प्रॉस्पेरो झाली. स्त्रियांच्या तुरुंगात कैदी बायका नाटक करीत आहेत, अशी या प्रयोगांची मांडणी होती. तुरुंगात पुरुष नाहीतच, तेव्हा सीझर कोणी व्हायचे हा प्रश्नच उरला नाही. आणि स्वातंत्र्याची भाषा कोंडलेल्या माणसाच्या तोंडी आली की तिला धार चढते. १९७९ साली दोन कैदी स्त्रियांनी स्थापलेल्या 'क्लीन ब्रेक' या संस्थेतून पुढे आलेल्या नट्याही त्यात होत्या.

कोणी म्हणेल, शेक्सपीअरने पुरुष लिहिला तो पुरुषानेच करावा. तसे असेल तर त्याची जूलिएटही पोरानेच करावी! परंतु खरा मुद्दा वेगळा आहे. 'ज्युलियस सीझर'मध्ये बोलणाऱ्या स्त्रिया दोनच. एक नवऱ्याच्या काळजीने झुरते, दुसरी अशुभ स्वप्न पाहते. नाटक अर्ध्यावर येते न येते तोच दोघीही रंगमंचावरून जातात. कट, राज्य, युद्ध, पश्चात्ताप हे सारे पुरुषांच्या वाट्याला. नटी कितीही कसलेली असो, वय वाढले की तिच्या वाट्याचे शब्द कमी होत जातात. २०१२ साली वॉल्टरबाई साठी उलटलेल्या होत्या, आणि त्या वयात त्यांच्या हाती ब्रूटस आला. हा लाभ त्यांचा तसा प्रेक्षकांचाही.

२०१९ साली लंडनच्या ग्लोब नाट्यसंस्थेत 'रिचर्ड दुसरा' झाला. त्यात सर्व भूमिका गौरेतर स्त्रियांनी केल्या. इंग्लंडच्या राजाची कहाणी, आणि ती सांगणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येकींची घराणी दूरदेशीहून आलेली! देश सोडून नव्या भूमीत घर केलेल्या आपल्या कुटुंबांना यातला अर्थ समजावून सांगावयास नको. देशाच्या गोष्टीत कोणाला बोलू द्यावयाचे, हाच तेथे सवाल होता.

आपल्या एखाद्या मंडळाचे नाटक पुरुष पात्रे मिळत नाहीत म्हणून अडले असेल, तर ते बंद ठेवू नये. समोर बसलेल्या भगिनींना विचारावे. त्यांच्यातही एखादी ब्रूटस असेल.