देवीची झोप आणि सेमिस्टरचं वेळापत्रक

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो धाराशिवला कॉलेजात आहे, दुसऱ्या वर्षाला. म्हणाला, "मामा, सेमिस्टर कधी सुरू झालं आणि कधी संपत आलं, कळलंच नाही. प्रॅक्टिकल, सबमिशन, इंटर्नल, परत सबमिशन. आपण नेमकं काय शिकतोय, याचा विचार करायला वेळच नाही. तुम्ही कसा काढता?"

दर दोन आठवड्यांनी रिलीज असणाऱ्या माणसाला हे विचारणं म्हणजे उपाशी माणसाला जेवणाची रेसिपी विचारण्यासारखंच. पहाटे पाचला उठ, डायरी लिही, मोबाइल बाजूला ठेव, हे सल्ले त्यालाही पाठ आहेत. मग विचार केला, सल्ला देण्यापेक्षा जरा इतिहासात डोकवावं. कारण गंमत अशी, की भाचा ज्या जिल्ह्यात बसून हा प्रश्न विचारतोय, तिथे त्याचं उत्तर शोधायचे प्रयत्न फार जुने आहेत.

सुरुवात तेरपासून करू. धाराशिवपासून साधारण वीस किलोमीटरवर, तेरणा नदीकाठचं हे गाव. आज शांत आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते 'तगर' नावाचं गजबजलेलं व्यापारी शहर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जाते, असं तो लेखक सांगतो. हे तगर म्हणजे नेमकं कुठलं गाव, यावर बराच वाद झाला. शेवटी १९०१ साली फ्लीट या अभ्यासकाने ते तेर असल्याचं मांडलं आणि ते मान्य झालं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे, आणि तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती थेट इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली आहे. म्हणजे थोडक्यात, तेर हे त्या काळचं हिंजवडीच होतं. एक्स्पोर्ट, डेडलाइन, ट्रॅफिक, सगळं असणार.

आणि याच कामाच्या धबडग्यात, गावातच, विटांचा एक मोठा स्तूप होता. तो उत्खननात सापडला. गावातलं त्रिविक्रमाचं देऊळसुद्धा मुळात बौद्ध चैत्य असावं, असं त्याच्या घडणीवरून अभ्यासक सांगतात. पुढे काही शतकांनी धाराशिवजवळच्या बालाघाटच्या डोंगरात लेणी खोदली गेली. मधे मोठा मंडप, भोवती राहायच्या छोट्या खोल्या. ती मुळात बौद्धांची की जैनांची, यावर अजून वाद आहे. आज तिथे पार्श्वनाथाच्या मूर्ती आहेत. आपल्यापुरता मुद्दा असा, की हे थांबायचे, बसायचे, विचार करायचे पत्ते होते. आणि ते व्यापारापासून फार लांब नव्हते, एका दिवसाच्या चालीवर होते.

आता पत्ता झाला, तारीख कुठली?

बौद्ध भिक्खूंचा नियम असा होता, की आठनऊ महिने गावोगाव फिरायचं आणि पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहायचं. हाच वर्षावास. विनयपिटकात याचं कारण मोठं व्यावहारिक दिलंय. पावसात भिक्खू फिरतात, हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून बुद्धाने हा नियम घातला. पण एकदा तीन महिने एका जागी बसल्यावर अभ्यास, चर्चा आणि स्वतःकडे बघणं आपोआप आलं. जैन साधूंचा चातुर्मासही असाच, फक्त चार महिन्यांचा.

या नियमातले बारकावे मला एखाद्या चांगल्या एचआर पॉलिसीसारखे वाटतात. अगदीच महत्त्वाचं काम निघालं, तर सात दिवसांपर्यंत बाहेर जायची मुभा. आषाढी पौर्णिमेनंतर लगेच सुरुवात जमली नाही, तर महिन्याने सुरू होणारी दुसरी बॅच (म्हणजे एटीकेटीची सोयसुद्धा होती म्हणायची). आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भिक्खूची सीनियॉरिटी वर्षावासांवर मोजतात. किती गावं हिंडलात हे कोणी विचारत नाही, किती वेळा थांबलात ते विचारतात. आपल्या रेझ्युमेत असा कॉलम टाकून बघा बरं!

वर्षावास संपतो तो आश्विन पौर्णिमेला. त्या दिवशी प्रवारणा असते. प्रत्येक भिक्खू, अगदी ज्येष्ठातला ज्येष्ठसुद्धा, संघासमोर विनंती करतो, की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तुम्हाला नुसती शंका आली असेल, तर मला सांगा. याशिवाय दर पंधरवड्याला उपोसथ असतोच. जैनांचं प्रतिक्रमण तर रोज सकाळ-संध्याकाळ, मग पंधरवड्याचं, चार महिन्यांचं आणि वर्षाचं. आमच्या क्षेत्रात डेली स्टँडअप आणि रेट्रोस्पेक्टिव्ह मीटिंग असतात, त्यांची ही आजी-पणजी शोभावी. फरक एवढाच, की आमच्याकडे रिलीज लांबलं की पहिली कॅन्सल होते ती रेट्रोस्पेक्टिव्ह. तिकडे प्रवारणा झाल्याशिवाय वर्षावास पुरा होतच नव्हता.

म्हणजे चिंतन हे 'वेळ मिळाला तर' करायचं काम नव्हतंच. त्याला तिथी होती, जागा होती आणि सोबत होती.

आता कॅलेंडर बघा. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर. भाच्याचं सेमिस्टर नेमकं याच काळात सुसाट सुटलेलं असतं!

कोणी म्हणेल, ते संन्यासी होते, त्यांना ना परीक्षा ना प्रपंच. ठीक आहे. शिकणाऱ्या मुलांचं बघू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वेदाध्ययनाचं वेळापत्रक आहे. श्रावणात किंवा भाद्रपदात सुरुवात, साडेचार महिने जोरात अभ्यास, मग समारंभाने समाप्ती. म्हणजे अक्षरशः सेमिस्टर! त्यानंतर शुक्ल पक्षात वेद आणि कृष्ण पक्षात वेदांगं, असा संथ क्रम. शिवाय अनध्याय, म्हणजे अभ्यास करायचाच नाही असे दिवस. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी, झालंच तर ढगांचा गडगडाट. पण हेही सांगायला हवं, की ही सुट्टी फक्त ज्यांना शिकायची परवानगी होती त्यांनाच होती. बायका आणि शूद्र यांच्यासाठी शाळाच बंद होती, मग अनध्याय कुठला? विचार करायला मिळणारा वेळ सगळ्यांना सारखा वाटला गेलेला नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. यावर परत येतो.

आता तुळजापूर. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येणारी. म्हणूनच तिथे एक प्रथा आहे, जी बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. देवी वर्षातून तीन वेळा सिंहासनावरून उठून पलंगावर झोपते. नवरात्राआधी भाद्रपदाच्या वद्य पक्षात घोर निद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. आणि दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावर श्रम निद्रा. हा दसऱ्याचा पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून येतो. सगळे दिवस मिळून वर्षातले सुमारे तीन आठवडे भरतात.

श्रम निद्रा, काय नेमकं नाव आहे! नऊ दिवस महिषासुराशी लढाई झाली, देवी दमली, आता झोपणार. जिंकली म्हणून लगेच पुढच्या राक्षसाच्या मागे लागत नाही. आणि मोठं काम संपल्यावरच नव्हे, मोठं काम सुरू व्हायच्या आधीही ती झोपते. खुद्द जगदंबेला ब्रेक लागतो आणि तो पंचांगात लिहून ठेवावा लागतो, तर आपण कोण लागून गेलो?

श्रम निद्रा संपून देवी सिंहासनावर परत येते, तो दिवसही आश्विन पौर्णिमाच. प्रवारणेचा तोच दिवस, आणि 'कोण जागं आहे' असं विचारणाऱ्या कोजागरीचाही तोच. या तिन्हींचं एकमेकांशी नातं आहे, असा माझा अजिबात दावा नाही. पण पावसाळा सरतोय, पिकं हाताशी येताहेत, अशा वेळी थांबून मागे बघावं, असं वेगवेगळ्या लोकांना वाटलं असेल तर नवल नाही.

परत तेरला येऊ, कारण गोरोबाकाकांना भेटल्याशिवाय तेर पुरं होत नाही. संत गोरा कुंभार इथलेच. त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. नामस्मरणात दंग होऊन चिखल तुडवताना स्वतःचं मूल पायाखाली आलं, तरी कळलं नाही. पुढे विठ्ठल मूल परत देतो. कीर्तनात ही भक्तीची कथा म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. पण मला त्यात कष्टकऱ्याची अडचणही दिसते. ज्याला वेगळा वेळ काढणं परवडत नाही, त्याला हातपाय कामात आणि मन दुसरीकडे ठेवावं लागतं. आणि त्याची किंमत भलतीच मोठी असू शकते.

दुसरी गोष्ट परीक्षेची. संतमंडळी गोरोबांकडे जमली असताना मुक्ताबाईने विचारलं, यातलं कोणतं मडकं कच्चं? काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेव कच्चा ठरला. पण नामदेवाची गोष्ट निकालावर संपत नाही. तो रागावतो, दुखावतो, विचार करतो आणि मग विसोबा खेचरांना गुरू करतो. खरं शिक्षण निकालानंतर झालं! कुठल्याही कुंभाराला विचारा. चाकावरून उतरवलेलं ओलं मडकं थेट आव्यात घातलं तर तडकतं. मधे सावलीत सुकायला ठेवावंच लागतं. तेव्हा ते नुसतं पडून असल्यासारखं दिसतं, पण भाजणीत टिकायची तयारी तिथेच होते.

आता भाच्याच्या विद्यापीठाकडे. एके काळी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाखाली होती. १९१८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आणि 'उस्मानाबाद' हे जिल्ह्याचं जुनं नाव, दोन्ही एकाच निजामाच्या नावावरून. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं, १९९४ साली नामविस्तार होऊन त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. तेव्हाच्या वर्षअखेरच्या एकाच परीक्षेचे तोटे होतेच. एक पेपर बिघडला की वर्ष गेलं. सेमिस्टरने ती धास्ती कमी केली, हे चांगलंच झालं. पण सोबत मधल्या रिकाम्या जागाही भरून टाकल्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात काय काय येतं बघा. इंटर्नल, नवरात्र, घरच्या सोयाबीनची काढणी, आणि लगेच सेमिस्टरची परीक्षा. भूम-परंड्याकडून एसटीने ये-जा करणाऱ्या, सुट्टीच्या दिवशी रानात राबणाऱ्या पोरीला 'पहाटे उठून चिंतन कर' सांगणं ही चेष्टा आहे.

जगातल्या श्रीमंत विद्यापीठांनी हे माणसाच्या मर्जीवर सोडलं नाही. हार्वर्डने १८८० साली प्राध्यापकांसाठी सबॅटिकल सुरू केली. ऑक्सफर्डचं सत्र आजही आठच आठवड्यांचं आहे. म्हणजे मोकळा वेळ संस्थेने नेमून दिला.

म्हणून भाच्याला मी दोन गोष्टी लिहून पाठवल्या. एक, 'वेळ काढू' म्हणू नकोस, तिथी ठरव. पंधरवड्यातून एक तास, ठरलेली जागा, दोन मित्र सोबत. त्या तासात नवीन काही वाचायचं नाही, तो अनध्याय. तीनच प्रश्न घ्यायचे: काय समजलं, काय नुसतं पाठ केलं, आणि माझं काही चुकताना तुम्हाला दिसलं का? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इंटर्नल आणि मुख्य परीक्षा यांच्यात एक आठवडा मोकळा ठेवा, असा अर्ज वर्गाच्या सह्या घेऊन प्राचार्यांकडे द्या. ज्यांच्याकडे स्वतःचा वेळ आहे ते कसंही निभावतील. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी तो कॅलेंडरवर छापलेलाच असायला हवा.

असो. तुमच्या कॉलेजात किंवा ऑफिसात असा छापलेला मोकळा वेळ आहे का, आणि कामाचा रेटा आला की तो टिकतो का, एवढं जरा तपासून बघा.