मुतखडा : रक्तातला की रांजणातला?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात, त्यांच्या विज्ञानाच्या कपाटात बेडकाच्या सांगाड्याशेजारी मेणाने बूच बंद केलेली एक लहान बाटली असे. तीत बोराच्या बीएवढा, तपकिरी, खरखरीत खडा होता. नागपूरला शस्त्रक्रिया करून काढलेला. "हा माझ्या वडिलांचा," गुरुजी सांगत, "आणि याचा धाकटा भाऊ माझ्या पोटात आहे." वर्ग हसे. हसू ओसरले की ते विचारीत, "वडिलांनी मला हा दिला कसा? रक्तातून की रांजणातून?" उत्तर ते कधी देत नसत. दगडांसाठी पांढुर्ण्याचे नाव पोळ्याच्या दुसऱ्या दिवसामुळे दूरवर गेले आहे. मी मात्र आज त्या बाटलीतल्या दगडाविषयीच बोलणार आहे.

हा प्रश्न किती जुना आहे? सुश्रुताने अश्मरीचे चार प्रकार सांगितले, ती काढण्याची शस्त्रक्रिया वर्णिली, आणि नव्या घटातल्या स्वच्छ पाण्यातही कालांतराने जसा गाळ बसतो तशी ती मूत्राशयात जमते, असा दृष्टांत दिला. मला त्याची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. मातापित्यांच्या बीजदोषातून येणाऱ्या व्याधींचा त्याने 'आदिबलप्रवृत्त' असा स्वतंत्र वर्ग केला. पण तेथे उदाहरणे दिली ती कुष्ठाची आणि अर्शाची. अश्मरीचे कारण सांगताना मात्र त्याने शोधन न करणाऱ्या, अपथ्य करणाऱ्या माणसाकडे बोट दाखविले. म्हणजे आनुवंशिकतेची कल्पना हाताशी असूनही खडा त्याने रांजणाच्या बाजूला ठेवला.

उलट बाजूचा साक्षीदार वैद्य नव्हता. मिशेल द माँतेन हा फ्रेंच निबंधकार स्वतः मुतखड्याने हैराण होता, आणि त्याचे वडील त्याच विकाराने १५६८ मध्ये गेले होते. मुलांच्या वडिलांशी असणाऱ्या साम्यावर त्याने लिहिलेला निबंध १५८० मध्ये प्रसिद्ध झाला. वडिलांचे दुखणे सुरू झाले ते मुलाच्या जन्मानंतर पंचवीस वर्षांनी. मग जन्माच्या वेळी निरोगी असलेल्या पित्याकडून हा वारसा आला कोठून, आणि इतकी वर्षे दडून राहिला कोठे, हे कोडे त्याला सुटेना. गुरुजींनी हा निबंध वाचला होता की नाही, मला ठाऊक नाही. प्रश्न मात्र तोच होता.

उत्तराचा पहिला धागा एका विचित्र खड्यातून निघाला. १८१० मध्ये लंडनच्या विल्यम हाइड वोलॅस्टनने मूत्राशयातून काढलेल्या खड्यात एक अनोळखी द्रव्य ओळखले. त्यालाच पुढे सिस्टिन हे नाव मिळाले. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९०८ मध्ये, आर्चिबाल्ड गॅरड या वैद्याने आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत चयापचयातील जन्मजात दोषांची कल्पना मांडली आणि चार उदाहरणांत सिस्टिनमूत्रतेला जागा दिली. मेंडेलचे वाटाणे पुन्हा उजेडात येऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. मूत्रपिंडातून गाळले गेलेले सिस्टिन शरीरात परत घेतले जात नाही, म्हणून ते लघवीत साचून त्याचे स्फटिक होतात, हे १९५० च्या सुमारास उमगले. त्यामागची दोन जनुके १९९४ आणि १९९९ मध्ये सापडली. बहुधा आई व वडील दोघेही निरोगी वाहक असतात, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला चारांत एक या प्रमाणात हा दोष येण्याचा संभव असतो. माँतेनचे कोडे निदान या एका खड्यापुरते सुटले.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. सौंसर भागात व्यवसायाला बसून मला थोडीच वर्षे झाली होती. एका शेतकरी कुटुंबाने नऊ वर्षांच्या मुलाला आणले. त्याची एक शस्त्रक्रिया आधीच झाली होती, आता दुसरा खडा. मी विहिरीचे पाणी जड आहे असे सांगून दुसऱ्या विहिरीचे पाणी आणायला लावले, कुळथाच्या कढणालाही हरकत घेतली नाही, आणि निर्धास्त झालो. आईने तीन वर्षे अर्ध्या मैलावरून डोक्यावर पाणी वाहिले. तिसऱ्या खड्याच्या वेळी लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला, तो षट्कोनी स्फटिक दिसले. सिस्टिनचे ते ओळखीचे रूप. धाकट्या बहिणीच्या लघवीतही तेच निघाले. तिला वेळेवर भरपूर पाणी, रात्री उठूनही पाणी, आणि लघवीचे आम्लत्व घटविणारे औषध मिळाले. भावाच्या एका मूत्रपिंडाचे नुकसान मात्र भरून आले नाही. पाणी कमी पिऊ नये हे मी सांगितले असते तरी पुष्कळ झाले असते. मी फक्त विहीर बदलली.

मोठ्यांच्या शंभर खड्यांत सिस्टिनचा जेमतेम एखादा असतो. मुलांत प्रमाण याहून अधिक. यकृतातील एका विकराच्या दोषाने ऑक्झॅलेट साचून मूत्रपिंडेच निकामी करणारा दुसराही जन्मजात विकार आहे. त्यावर जनुकाच्या आदेशालाच आवर घालणारे औषध २०२० मध्ये मान्य झाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खड्यांसाठी उपचार घेणाऱ्या २६८ रुग्णांची जनुके तपासली, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांत एकाच जनुकाचे कारण सापडले, आणि मुलांत ते सुमारे २१ टक्के होते. म्हणून लहान मुलाचा खडा फेकून देऊ नये, तो तपासावा, एवढे मी प्रत्येक पालकाला सांगतो.

उरलेल्या बहुसंख्यांचे काय? आपल्या भागाला 'एक जनुक, एक रोग' ही गोष्ट नवी नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली, आणि तो रोग कोणत्या जोडप्याच्या अपत्यात उतरेल हे आज आपण आधी सांगू शकतो. मुतखडा असा सरळ नाही. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धकाळातील जुळ्या भावांच्या नोंदींवरून २००५ मध्ये अभ्यास झाला. एकबीज जुळ्यांत एकाला खडा असता दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण ३२.४ टक्के, द्विबीज जुळ्यांत १७.३ टक्के. यावरून आनुवंशिकतेचा वाटा ५६ टक्के ठरविला गेला. हा आकडा ऐकून कोणी "निम्म्याहून अधिक खडा बापाचा" असे म्हणू लागतो. तसा त्याचा अर्थ नाही. त्या गटातील माणसामाणसांतला जो फरक आहे, त्यातला एवढा भाग जनुकांनी उलगडतो, इतकेच. आणि अगदी एकाच बीजाचे दोन भाऊ घेतले, तरी तिघांत दोनदा एकाचा खडा दुसऱ्याला झालेला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

२००९ मध्ये आइसलँड आणि नेदरलँड्समधील लोकांच्या अभ्यासातून क्लॉडिन-१४ या प्रथिनाचे जनुक पुढे आले. त्याचा जोखीम वाढविणारा प्रकार दोन्ही पालकांकडून मिळालेले लोक तेथे ६२ टक्के होते. ज्यांना तो कोणाकडूनच मिळाला नाही, त्यांच्या तुलनेत यांची जोखीम १.६४ पट. जे दहांतल्या सहांजवळ आहे, त्याला रोग म्हणावे की मनुष्यस्वभाव?

इतिहास आणखी एक पुरावा देतो. १८८० च्या दशकात इंदूरच्या रेसिडेन्सीत कीगन हे शल्यवैद्य लहान मुलग्यांच्या मूत्राशयातले खडे आतल्या आत फोडून काढीत. त्या काळी हा गरिबांच्या पोरांचा नित्याचा रोग होता. पुढे कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना निकृष्ट, पिठाळ आहार देऊन खडे उत्पन्न केले. दुधाची भर घातली की ते टळत. मुलांच्या मूत्राशयातला तो खडा आज क्वचित दिसतो, आणि प्रौढांच्या मूत्रपिंडातला वाढला आहे. चार पिढ्यांत जनुके इतकी बदलत नाहीत. बदलले ते ताट.

१९५६ मध्ये आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. रुग्ण मात्र नागपूरलाच जात राहिले, आणि २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाल्यावरही जातात. वैशाखात संत्र्याच्या बागेत दिवसभर घाम गाळून दोन तांबे पाण्यावर राहणारा माणूस तेथे पोचतो, तेव्हा "आमच्या घराण्यातच खडा आहे" असे सांगतो. हे वाक्य लग्न ठरविताना लपविले जाते आणि दवाखान्यात मात्र अभिमानाने सांगितले जाते, ही गंमत मी पुष्कळदा पाहिली. घरात खडा असणाऱ्या पुरुषांत जोखीम अडीच पट असते, हे अमेरिकेतल्या १९९७ च्या एका मोठ्या पाहणीत दिसले. पण घर म्हणजे रक्तही, आणि एकच रांजणही.

या व्याख्यानासाठी मी गुरुजींच्या घरी गेलो. बाटली अजून आहे. घरच्यांच्या संमतीने तिच्यातला कण नागपूरला तपासून घेतला : कॅल्शियम ऑक्झॅलेट, अगदी सामान्य खडा. मग कोणाकोणाला झाला ते विचारीत बसलो. गुरुजींना, त्यांच्या दोन मुलांना, आणि लग्न होऊन अमरावतीला गेलेल्या लेकीला. मी वहीत रक्ताच्या बाजूला रेघ मारणार, तोच थोरल्या सूनबाई चहा घेऊन आल्या. त्या काटोलच्या, माहेरी कोणालाच नाही. "मलाही झाला होता की," त्या म्हणाल्या, "या घरात आल्यावर सातव्या वर्षी."